घरमालकाचा मेल आला तेव्हा...

मार्चमधली सकाळ. ऑफिसची मीटिंग चालू असतानाच मोबाइलवर एजंटचा मेल दिसला : नव्या करारासाठी वर्षाचं भाडं ८० हजार दिरहम. दुबईतल्या अल नहदामधल्या आमच्या वन बेडरूमचे आम्ही ६२ हजार भरत होतो. बायकोला मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "मग गणपतीची तिकिटं राहू दे."

पुण्या-मुंबईच्या वाचकांना इथली पद्धत सांगायला हवी. इथे भाडं महिन्याचं नाही, वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांचे दोन-चार चेक आधीच लिहून द्यावे लागतात. शिवाय डिपॉझिट, एजंटचं कमिशन आणि वीज-पाण्याच्या बिलातून वसूल होणारी महापालिकेची फी, वार्षिक भाड्याच्या ५ टक्के. त्यामुळे घर बदलायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. शारजाला गेलं तर भाडं कमी, पण रोज अल इत्तिहाद रोडचा ट्रॅफिक आणि मुलीची शाळा लांब.

सरकार काही मदत करत नाही का, असं गावाकडचे मित्र विचारतात. आयर्लंडमध्ये २०१४ पासून 'हॅप' योजना आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाचं भाडं कौन्सिल थेट घरमालकाला देते आणि कुटुंब ऐपतीप्रमाणे कौन्सिलकडे हिस्सा भरतं. यूएईत घरासाठीच्या सरकारी योजना अमिराती नागरिकांसाठी आहेत. आपल्याला पैसे मिळत नाहीत, पण कायद्याचा आधार आहे. तो बऱ्याच जणांना माहीतच नसतो.

दुबईच्या २०१३ च्या ४३ क्रमांकाच्या आदेशानुसार आपलं भाडं बाजारातल्या सरासरीपेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल, तर वाढ शून्य. ११ ते २० टक्के कमी असेल तर ५ टक्के वाढ, २१ ते ३० असेल तर १०, ३१ ते ४० असेल तर १५ आणि त्याहून जास्त असेल तर २० टक्के. त्यापलीकडे नाही. करारात बदल करायचा तर ९० दिवस आधी कळवावं लागतं. घर विकायचं म्हणून किंवा स्वतः राहायचं म्हणून भाडेकरूला काढायचं असेल, तर नोटरीमार्फत किंवा रजिस्टर पोस्टाने १२ महिन्यांची नोटीस. जानेवारी २०२५ पासून 'स्मार्ट रेंटल इंडेक्स' आला, त्यात इमारतीचा दर्जाही धरतात.

रात्री मुलगी झोपल्यावर आम्ही दोघं इंडेक्स उघडून बसलो. आमचं भाडं सरासरीपेक्षा साधारण १४ टक्के कमी निघालं. म्हणजे वाढ ५ टक्के, ६५,१०० दिरहम. स्क्रीनशॉट जोडून दोन ओळींचा मेल पाठवला. आधी फोन आला, "मग मालक घर विकणार आहेत." मी म्हटलं, "ठीक आहे, १२ महिन्यांची नोटीस पाठवा." दहा दिवस शांतता. मग ६५,१०० चा करार आला. तिकिटं काढली.

हे सगळं मी कौतुकानं रत्नागिरीकडच्या एका काकांना सांगितलं. ते सातव्यात बेडस्पेसमध्ये राहतात, एका खोलीत सहा जण. काका हसले. म्हणाले, "अरे, माझ्या नावावर करारच नाही. इंडेक्समध्ये मी कुठला नंबर टाकू?"

खरंच होतं. घरमालकाच्या लेखी परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवता येत नाही, आणि 'इजारी'त नोंदलेला करारच नसेल तर भाडे विवाद केंद्रात तरी काय दाखवणार? २०२५ च्या उन्हाळ्यात दुबई महापालिकेने बेकायदा पार्टिशनविरुद्ध मोहीम उघडली. आगीचा धोका खरा आहे, नियमही बरोबर आहे. पण पार्टिशन निघाल्यावर त्यातला माणूस जाणार कुठे, याचं उत्तर कॅल्क्युलेटरमध्ये नाही.

म्हणून नव्यानं येणाऱ्यांना एवढंच सांगतो : भाडं थोडं जास्त पडलं तरी करार आपल्या नावावर करा आणि इजारीची प्रत जपून ठेवा. आलेला प्रत्येक मेल, त्याच्या तारखेसकट, पुसू नका. आणि ओळखीत कुणी काका असतील, तर त्यांच्याकडे कागद आहे का, एकदा विचारा. मी काकांच्या नावानं एखादी छोटी स्टुडिओ बघतोय. अजून मिळालेली नाही.