अनुदान नाकारलं? कारण लेखी मागा

मदरशाच्या अनुदानाचा अर्ज फेटाळला गेला, की किन्हवली-मुरबाडकडे आपण 'नशीब' म्हणून गप्प बसतो. कशाला? माहितीचा अधिकार कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार निर्णयाची कारणं अर्जदाराला देणं सरकारी कार्यालयावर बंधनकारक आहे. डॉ. झाकीर हुसेन मदरसा आधुनिकीकरण योजनाही त्याला अपवाद नाही.

अर्ज जिथे दिला, तिथल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती मागा, ट्रस्टच्या नव्हे तर स्वतःच्या नावाने. आमचं म्हणणं, नुसतं 'का नाकारलं' विचारू नका. फाइलवरचे शेरे आणि छाननीच्या कागदांच्या प्रती मागा. खरं कारण तिथेच सापडतं. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील करा. पोच जपून ठेवा.