काटा चालू, आकडा शिळा

कापसाचा हंगाम लागला की माझा फोन सकाळी सातपासून वाजतो. “भाऊ, काट्याचा आकडाच येऊन नाही राह्यला!” जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आत मुनीमजी हवालदिल. खामगावचा कापूस जुना. जलंबहून इथवर रेल्वेचा फाटा १८७० साली आला तो कापसासाठीच. काट्याच्या खोलीतलं लिनक्स मात्र कालपरवाचं.

तिथे एक छोटा प्रोग्राम दिवसभर काट्याकडून वायरीतून येणारं वजन वाचत असतो. पडद्यावर न दिसता राबणाऱ्या अशा प्रोग्रामला सर्व्हिस म्हणतात. मशीन सुरू होताच सर्व्हिसेसना उठवायचं आणि पडली तर पुन्हा उभी करायची, हे काम बहुतेक लिनक्सवर ‘सिस्टमडी’ करतं. लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते २०१० मध्ये आणलं, तेव्हा जाणकारांत बरीच हाणामारी झाली. आमच्याकडे लाइटीचा लपंडाव इतका, की मला ते पहिल्या दिवसापासून आवडलं.

सर्व्हिसच्या फाइलीत ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’ एवढी ओळ लिहिली की पडलेला प्रोग्राम आपोआप उठतो. पण वायरच निघाली असेल तर? तो उठतो, वायर सापडत नाही, पुन्हा पडतो. मुळातली मर्यादा दहा सेकंदांत पाच वेळा सुरू करण्याची आहे. त्यानंतर सिस्टमडी हात टेकतं आणि ‘फेल्ड’ असा शेरा मारतं. हे हात टेकणं मला मोलाचं वाटतं, कारण तिथून पुढे माणसाचंच काम असतं. ‘ऑन-फेल्युअर’ ही वेगळी ओळ त्याच क्षणी दुसरा प्रोग्राम चालवते आणि माझ्या मोबाइलवर निरोप येतो.

पुष्कळजण दर मिनिटाला ‘सिस्टमसीटीएल स्टेटस’ ही स्थिती दाखवणारी आज्ञा चालवून त्यातले शब्द प्रोग्रामने चाळतात. तो मजकूर माणसाने वाचायचा असतो; आवृत्ती बदलली की मांडणी बदलू शकते. प्रोग्रामसाठी डी-बस नावाची वाट आहे. तिच्यावरून सर्व्हिसची स्थिती थेट विचारता येते, सुरू-बंद करता येते आणि एकदा नाव नोंदवलं की स्थिती बदलताच सिस्टमडी स्वतःहून कळवतं. कोणाला काय करू द्यायचं हे ठरवणाऱ्या पोलकिटचा नियम लिहून मुनीमजींना फक्त या एकाच सर्व्हिसचं बटण द्यावं. सगळ्या मशीनचा पासवर्ड काट्याच्या खोलीत कागदावर चिकटवलेला मी पाहिला आहे, म्हणून सांगतो.

खरा घोर वेगळाच. सर्व्हिस पडत नाही, अडकते. ‘ॲक्टिव्ह’ असा हिरवा शेरा दिसतो आणि पडद्यावर आधीच्या गाडीचं वजन तसंच राहतं. पुढचा शेतकरी चढला की दुसऱ्याच्या वजनाची पावती त्याच्या हातात! बंद काट्यापेक्षा हा चालू काटा घातक. यावर इलाज ‘वॉचडॉगसेक’चा. ठरलेल्या वेळात प्रोग्रामने “मी ठीक आहे” असं कळवलं नाही, तर सिस्टमडी त्याला मारून नव्याने सुरू करतं. मात्र प्रोग्रामने ही खूण नुसती घड्याळ बघून पाठवली तर उपयोग शून्य. काट्याकडून ताजं वजन वाचल्यावरच ती गेली पाहिजे. आमचा काटा रिकामा असला तरी शून्य पाठवत राहतो, त्यामुळे हे जमतं. मी मुदत दहा सेकंदांची ठेवतो. एक ट्रॅक्टर उतरून दुसरा नीट उभा राहायला आमच्या फाटकात याहून जास्त वेळ लागतो.