परदेशातून विजेचा प्रेशर कुकर मागवताना

परदेशात नोकरीला गेलेला मुलगा किंवा जावई घरी काही पाठवायचे म्हटले की पूर्वी घड्याळ, टेपरेकॉर्डर नाहीतर कापडाचे तागे यायचे. आता विजेचा प्रेशर कुकर येतो. गॅसजवळ उभे राहावे लागत नाही, शिट्ट्या मोजाव्या लागत नाहीत, रमजानमध्ये सहरीच्या आधी पाया किंवा दाल गरम तयार असते. शौक चांगला आहे. मोबाईलवर परदेशातील दुकानाचा भाव पाहिला की तो स्वस्तही वाटतो. पण व्यापारी माणसाने भाव शेवटी विचारावा. आधी पाहावे की हा माल आपल्या विजेवर चालेल का, आणि बिघडला तर त्याची जबाबदारी कोण घेईल. या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली नाहीत तर स्वस्त कुकरही महागच पडतो.

आधी वस्तू समजून घेऊ. चुलीवरच्या कुकरचा आणि या कुकरचा नियम एकच. वाफ कोंडली की आतील दाब वाढतो आणि पाणी १०० अंशांच्या पुढे तापते. चुलीवरच्या कुकरमध्ये ते साधारण १२० अंशांपर्यंत जाते. विजेच्या बहुतेक कुकरमध्ये दाब थोडा कमी ठेवलेला असतो, त्यामुळे ते ११५ ते ११७ अंशांवर थांबते. म्हणून गोश्त किंवा चणे शिजायला थोडा जास्त वेळ धरावा. याच्या तळाशी तापणारी तबकडी असते, आत वेगळे भांडे बसते, झाकणाला सिलिकॉनचे रबर असते आणि पुढे एक इलेक्ट्रॉनिक सर्किट असते. तेच दाब पाहून वीज बंद-चालू करते. हे सर्किट आणि रबर, या दोन ठिकाणीच पुढे घोळ होतो.

विजेचा दाब

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट वीज येते. अमेरिका आणि कॅनडात १२० व्होल्ट, जपानमध्ये १०० व्होल्ट. ब्रिटन, दुबई, कतार, कुवेत, ओमान इथे आपल्यासारखीच २३० ते २४० व्होल्ट आहे. सौदी अरेबियात मात्र पूर्वी अनेक घरांत १२७ व्होल्टही असे, त्यामुळे तिथून आलेला जुना कुकर असेल तर त्याच्या तळाची पट्टी वाचल्याशिवाय प्लग लावू नये.

समजा शिकागोहून १००० वॅटचा, १२० व्होल्टचा कुकर आला आणि गोंदियात सरळ भिंतीच्या प्लगला लावला. दाब जवळजवळ दुप्पट झाला, तर माणसाला वाटते उष्णताही दुप्पट होईल. तसे नसते. दाब दुप्पट तर उष्णता चौपट. तीच तबकडी ३६०० वॅटच्या वर वीज ओढू पाहते, म्हणजे सुमारे १६ अँपिअर. आतील फ्यूज लगेच उडाला तर नशीब. नाहीतर सर्किट जळते, वायर वितळते, घरात आग लागण्याचीही भीती असते.

इथे एक मोठा गैरसमज आहे. मोबाईलच्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेले असते आणि तो कुठेही चालतो, म्हणून लोक समजतात की परदेशी वस्तू सगळीकडे चालतात. तापणाऱ्या वस्तूंचे तसे नसते. बाजारात शंभर-दोनशे रुपयांत मिळणारा अ‍ॅडॉप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, विजेचा दाब बदलत नाही. दाब कमी करायला स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो. १००० वॅटच्या कुकरला तो किमान १५०० व्हीएचा घ्यावा. तो जड असतो, जागा अडवतो आणि त्याचे पैसे वेगळे. प्रवासात नेण्याचा हातातला छोटा कन्व्हर्टर इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेल्या कुकरला लावू नये.

दुबई किंवा लंडनचा कुकर दाबाच्या दृष्टीने चालतो, पण त्याला तीन चपट्या चौकोनी पिना असतात. त्यासाठी चांगला, अर्थ असलेला अ‍ॅडॉप्टर घ्यावा किंवा वायरमनकडून आपल्या पद्धतीचा तीन पिनांचा प्लग बसवून घ्यावा. अर्थची वायर तोडून दोन पिनांवर काम भागवू नये. आत पाणी, बाहेर धातू आणि हात ओले. या वस्तूला अर्थ हवाच.

खरी किंमत कशी काढावी

कापडाच्या धंद्यात आपण गिरणीचा भाव पाहून नफा ठरवत नाही. भाडे, हमाली, कर आणि खराब माल धरूनच पडता भाव काढतो. इथेही तसेच करावे.

समजा कुकर ८,००० रुपयांचा आहे. पाच-सहा किलोची वस्तू विमानाने येते, तिचे भाडे समजा ३,००० रुपये. कस्टम शुल्क नुसत्या ८,००० वर लागत नाही. किंमत, भाडे आणि विमा यांच्या बेरजेवर लागते, आणि ते शुल्क मिळवून त्यावर पुन्हा आयजीएसटी लागतो. सगळे मिळून समजा ३० टक्के धरले तर ११,००० वर ३,३०० रुपये झाले. कार्डाने परदेशी चलनात पैसे दिले की बँक आपला टक्का घेते. तो ३ टक्के धरला तर ३३० रुपये. म्हणजे ८,००० चा कुकर दारात येईपर्यंत १४,६३० रुपयांचा झाला. कुरिअरवाल्याचा माल सोडवण्याचा आकार आणि ट्रान्सफॉर्मर यात धरलेला नाही. शुल्काचे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून ऑर्डर देण्याआधी त्या दिवसाचा दर पाहून हा हिशेब कागदावर करावा.

'गिफ्ट' असे लिहून पाठवले की शुल्क लागत नाही, ही समजूतही जुनी झाली. डिसेंबर २०१९ पासून सरकारने टपाल आणि कुरिअरने येणाऱ्या भेटवस्तूंची ती सवलत बंद केली. त्यात औषधे आणि राखी एवढाच अपवाद ठेवला.

घरचा माणूस स्वतः सामानात घेऊन येत असेल तर गोष्ट वेगळी. २०१६ च्या बॅगेज नियमांत बहुतेक देशांतून परतणाऱ्या भारतीय प्रवाशाला ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानाची सूट होती. ही मर्यादा सरकार वेळोवेळी बदलते, तेव्हा तिकीट काढताना ती पाहून घ्यावी. दोन प्रवाशांची सूट एकत्र करता येत नाही. आणि ही सूट घरच्या वापराच्या सामानाला आहे, विक्रीच्या मालाला नाही.

रबर कुठे मिळणार?

आपल्याकडे हॉकिन्स आणि प्रेस्टिज यांचे कुकर १९५९ पासून आहेत. त्यांचे रबर, शिटी, सेफ्टी व्हॉल्व्ह तालुक्याच्या बाजारातही मिळते. परदेशी विजेच्या कुकरचे रबर त्याच मापाचे, त्याच कंपनीचे लागते. वापराने ते सैल होते, मसाल्याचा वास धरते आणि वाफ सोडू लागते. दुसरे रबर तिथून मागवायचे तर रबरापेक्षा भाडे जास्त. म्हणून ज्याला घ्यायचाच आहे त्याने कुकरबरोबरच दोन जादा रबरे आणि एक फ्लोट व्हॉल्व्ह मागवावा.

गॅरंटी बहुधा त्या देशापुरतीच असते. मोठ्या नावावरही फार भिस्त ठेवू नये. कॅनडात २०१० मध्ये निघालेला इन्स्टंट पॉट जगभर गाजला, तरी तो विकणारी इन्स्टंट ब्रँड्स कंपनी जून २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यायालयात दिवाळखोरीच्या संरक्षणासाठी गेली. वस्तू वाईट होती असे नव्हे. पण अशा वेळी दूरच्या गिऱ्हाईकाला कोण विचारतो?

त्याहून महत्त्वाची गोष्ट परत बोलावलेल्या मालाची. नोव्हेंबर २०२० मध्ये सनबीम कंपनीने अमेरिकेत क्रॉक-पॉट एक्स्प्रेसचे नऊ लाखांहून अधिक कुकर परत बोलावले. झाकण पूर्ण न बसताही आत दाब तयार होत होता आणि झाकण उडून लोक भाजले होते. २०२३ मध्ये बेस्ट बाय या दुकानाच्या इन्सिग्निया कुकरचे तसेच झाले. त्यांच्या आतील भांड्यावरील मापाच्या खुणा चुकीच्या होत्या, त्यामुळे भांडे जास्त भरले जाई. अशा सूचना तिथल्या गिऱ्हाईकाला मिळतात, गोंदियातल्या घराला मिळत नाहीत. जुना किंवा फार स्वस्त कुकर मिळत असेल तर त्याचा मॉडेल नंबर अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या यादीत आहे का, हे नातेवाइकाला पाहायला सांगावे.

देशात घेतलेल्या मालाला निदान विचारणारे कोणी आहे. चुलीवरच्या कुकरसाठी आयएसआय चिन्ह सक्तीचे झाल्यावर, ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने निकृष्ट कुकर विकल्याबद्दल अ‍ॅमेझॉनला एक लाख रुपये दंड केला आणि विकलेल्या २,२६५ कुकरच्या गिऱ्हाईकांना पैसे परत करण्याचा आदेश दिला. शिवाय २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे गिऱ्हाईक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. परदेशातील दुकानदाराला गोंदियात ओढून आणणे कोणाच्या हाती आहे?

दुकानदार बंधूंसाठी

काही जण म्हणतील, चार कुकर आणू, दोन विकू. हा शौक राहत नाही, आयात होते. त्याला आयात-निर्यात कोड लागतो. पाकिटावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, मूळ देश आणि किरकोळ किंमत छापलेली लागते. आणि १२० व्होल्टचा कुकर गिऱ्हाईकाला न सांगता देणे म्हणजे ऐब लपवून माल विकणे. त्या नफ्यात बरकत कसली?

फसवणुकीपासूनही सावध राहावे. "तुमचे पार्सल कस्टममध्ये अडकले, या खात्यात पैसे टाका" असा फोन आला तर पैसे टाकू नयेत. कस्टमच्या पत्रावर डीआयएन क्रमांक असतो आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर तपासता येतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार करावी.

घरी आल्यावर

अमेरिकन कुकरचे माप क्वार्टमध्ये असते. सहा क्वार्ट म्हणजे सुमारे ५.७ लिटर. पण भरायचा तो दोन तृतीयांशच, आणि भात, डाळ असेल तर निम्मा. पुस्तकातील पाण्याचे माप त्यांच्या तांदळाचे असते. आपला नवा तांदूळ पाणी कमी घेतो, तेव्हा पहिल्यांदा थोडाच भात लावून माप ठरवावे. वाफ सोडताना तोंड आणि हात व्हॉल्व्हच्या वर नेऊ नयेत. झाकण सहज फिरत नसेल तर जोर लावू नये, आत दाब शिल्लक आहे असे समजावे.

ज्यांचे माणूस आखातातून येत आहे, ज्यांनी पट्टीवर २३० व्होल्ट वाचले आहे आणि जादा रबर मागवले आहे, त्यांनी खुशाल आणावा. अमेरिका-कॅनडातील मुलांना मात्र कळवावे की कुकर पाठवू नका, पैसे पाठवा. देशात बनलेला किंवा इथल्या विजेसाठी विकला जाणारा विजेचा कुकर गोंदियात नाहीतर नागपुरात पाहून, बिल घेऊन विकत घेता येतो, आणि बिघडला तर त्याच दुकानाच्या पायरीवर जाऊन विचारता येते.