शेरशाही रुपया : हातोड्याखालची चांदी

शेरशहा सूरीच्या रुपयावर एका बाजूला मधोमध कलिमा असतो. दुसऱ्या बाजूला त्याचे नाव, हिजरी साल आणि त्या अरबी अक्षरांच्या गर्दीत चक्क नागरीत ‘स्री सेर साही’. 1538 ते 1545 या काळात पाडलेला, सुमारे साडेअकरा ग्रॅमचा हा चांदीचा रुपया पुढे मुघलांनी उचलला. अठराव्या शतकात मराठ्यांच्या टांकसाळींतून निघालेला अंकुशी रुपयाही त्याच परंपरेतला. मध्ययुगीन चांदीची नाणी जमवायची असतील, तर सुरुवात इथूनच करावी.

ही नाणी यंत्राची नाहीत. चांदी आटवून कांबा ओतायच्या, त्यांचे तुकडे पाडून वजनाला नेमके करायचे, मग खालच्या ठशावर चकती, तिच्यावर दुसरा ठसा आणि वरून हातोड्याचा घाव. अकबराच्या टांकसाळीतल्या कामगारांची नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे : चकत्या पाडणारा जर्राब, ठसे कोरणारा मुहरकन, ते उमटवणारा सिक्काची. चकतीपेक्षा ठसा बहुधा मोठा असे, त्यामुळे मजकुराचा काही भाग बाहेरच राही. कुठे साल तुटते, कुठे टांकसाळीचे नाव. संग्राहकाचा कस इथे लागतो. एका नाण्यावर डावीकडची अक्षरे, दुसऱ्यावर उजवीकडची, अशी जोडत गेले की पूर्ण लेख हाती येतो. म्हणून मला गुळगुळीत, देखण्या नाण्यापेक्षा टांकसाळीचे नाव राखून असलेले झिजके नाणे जास्त मोलाचे वाटते.

भिंगाखाली आणखी एक गोष्ट दिसते : सराफांचे टाचे. आत तांबे तर नाही ना, हे पाहायला सराफ नाण्यावर छोटा छाप मारत. बाजारात अशा नाण्याला किंमत कमी येते आणि हे मला मुळीच पटत नाही. तो टाचा म्हणजे हा रुपया खरोखर हातोहात फिरला, याचा पुरावा आहे.

नकली नाणी बहुतेक ओतीव असतात. अक्षरांच्या कडा बोथट, पृष्ठभागावर बारीक छिद्रे, काठावर सांध्याची रेघ. ठोकलेल्या नाण्याच्या काठाला अनेकदा चिरा असतात. घावाखाली चांदी पसरली, त्याच्या त्या खुणा. 1835 मध्ये कंपनी सरकारने यंत्रावरचा एकसारखा रुपया आणला आणि हातोड्याचे दिवस भरत आले.

वाचकांना दोन विनंत्या. जुने रुपये चिंचेने किंवा ब्रशने घासू नका; गेलेली अक्षरे परत येत नाहीत. आणि शेतात, पडक्या भिंतीत नाण्यांचा गाडगेभर साठा सापडला, तर तो वाटून घेऊ नका किंवा आटवू नका. 1878 च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीची अशी ठेव सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे. साठा एकत्र राहिला, तरच तो कधी आणि का पुरला गेला, हे अभ्यासकांना सांगता येते.