एच.आय.व्ही. आणि स्पर्शाचे भय

शाळेच्या भिंतीवर एक तक्ता टांगलेला असतो. त्यावर हातात हात घातलेली मुले, एका पंक्तीतील जेवण व डास यांची चित्रे असून, ‘यांमुळे एच.आय.व्ही. पसरत नाही’ असे खाली लिहिलेले असते. डोळस विद्यार्थी ते जाता-येता वाचतो. त्याच्या खांद्यावर हात ठेवून चालणाऱ्या दृष्टिहीन मित्राला मात्र तेथे केवळ भिंत लागते.

एच.आय.व्ही. हा एक विषाणू होय. पॅरिस येथील पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी १९८३ साली त्याचा शोध लावला. भारतात तो प्रथम १९८६ साली मद्रास, म्हणजे आजच्या चेन्नई शहरात आढळला. रोगांशी झुंजणाऱ्या विशिष्ट पांढऱ्या रक्तपेशींचा तो नाश करतो. उपचार न झाल्यास काही वर्षांनी शरीर दुर्बळ होऊन इतर रोगांना बळी पडते. या अवस्थेस ‘एड्स’ म्हणतात.

त्याच्या प्रसाराचे मार्ग मोजकेच आहेत : असुरक्षित लैंगिक संबंध, बाधित रक्त, दूषित सुई, आणि बाधित मातेकडून गर्भावस्थेत, प्रसूतीच्या वेळी वा स्तनपानातून बालकास होणारा संसर्ग. हात धरल्याने किंवा एकत्र जेवल्याने तो होत नाही.

दृष्टिहीन मुलाला वाट, वस्तू आणि अक्षर यांची ओळख बोटांनी पटते. ‘शिवल्याने रोग जडतो’ ही अफवा त्याच्या कानी पडली व कोणी तिचे निरसन केले नाही, तर ज्या हाताच्या आधाराने तो चालतो, त्याचेच त्याला भय वाटू लागेल.

म्हणून तक्त्यातील मजकूर ब्रेल लिपीत उपलब्ध असावा व वर्गात मोठ्याने वाचला जावा. शरीररचना हाताळता येणाऱ्या प्रतिकृतींवरून शिकवावी. शिक्षकांनी ‘येथे’, ‘असे’ म्हणून खूण न करता अवयवांची नावे स्पष्टपणे सांगावीत. नकोसा स्पर्श कोणी केल्यास तो नाकारावा आणि विश्वासू वडीलधाऱ्यांस सांगावे, हेही प्रत्येक मुलास शिकवावे.

आज या विषाणूला दाबून ठेवणारी औषधे आहेत. ती रोज नियमाने घेणारे मूल इतरांप्रमाणेच शिकते, खेळते व मोठे होते. त्याला शाळेत भेदभावाने वागविण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे.

मित्राच्या खांद्यावरील हात काढून घेण्याचे काहीच कारण नाही, हे डोळस आणि दृष्टिहीन, दोघांनाही सारखेच ठाऊक असले पाहिजे.