स्टीन्सच्या वाटेवरची फाटकं

पोर्टलंडहून मराठी मंडळींना घेऊन पूर्व ऑरेगॉनला निघालो की बर्न्स गावात आधी टाकी काठोकाठ भरून घेतो. पुढं हार्नी काउंटी पसरलेली: दहा हजार चौरस मैलांहून मोठी, वस्ती मात्र साडेसात हजारांच्या आसपास. माणसांपेक्षा गुरं कितीतरी जास्त. मंडळी घरी नेतात ते फोटो ९,७३३ फुटी स्टीन्स पर्वताचे, अल्वर्डच्या पांढऱ्याफटक वाळवंटाचे. मला मात्र या सहलीत सगळ्यात जवळची वाटतात ती इथली कामाची माणसं.

फ्रेंचग्लेनच्या रस्त्यावर एकदा पुढं गुरंच गुरं. मागून एक काकू म्हणाल्या, "अहो, हॉर्न द्या ना!" मी इंजिनच बंद केलं. हॉर्ननं कळप बिथरला तर विखुरलेली जनावरं गोळा करण्यात त्या लोकांचा दिवस जातो. घोड्यावरच्या बकारूनं, म्हणजे इथल्या गुराख्यानं, हात वर केला, कुत्र्याला शीळ घातली आणि कळपातून आम्हाला वाट करून दिली. काचेला घासून जाणाऱ्या वासरांच्या कानातले पिवळे बिल्ले काकू मोठ्यानं वाचत होत्या.

पीटर फ्रेंचच्या गोल तबेल्यात मी नेहमी जास्त वेळ थांबतो. शंभर फूट व्यास, आत दगडी भिंतीचं रिंगण, जुनिपरचे पीळदार खांब. हिवाळ्यात बाहेर बर्फ असताना इथं घोडे वठणीवर आणले जात. फ्रेंच १८७२ मध्ये कॅलिफोर्नियाहून गुरं घेऊन आला आणि पाण्याकाठची जमीन बळकावत गेला. ही भूमी मुळात नॉर्दर्न पायूट लोकांची, हे मी तिथं उभं राहून आवर्जून सांगतो. पुढं छोट्या शेतकऱ्यांशी हद्दीचे वाद पेटले. २६ डिसेंबर १८९७ रोजी त्यांच्यापैकीच एडवर्ड ऑलिव्हरनं फ्रेंचला गोळी घातली, आणि ज्युरीनं ऑलिव्हरला निर्दोष सोडलं. एवढं ऐकल्यावर समोरचं कुरण नुसतं सुंदर वाटत नाही.

डायमंड क्रेटर्सला आलो की सह्याद्रीतल्या माणसाला काळा दगड लगेच ओळखीचा वाटतो. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, स्टीन्सचा सुमारे पावणेदोन कोटींचा; इथली विवरं तर काही हजार वर्षांचीच. एका भूगोलाच्या निवृत्त सरांना तिथून हलवायला जेवणाचं आमिष दाखवावं लागलं! फ्रेंचग्लेनच्या जुन्या हॉटेलात रात्री सगळे एकाच पंगतीला बसतात, म्हणून शाकाहारी पानं किती ते मी आधीच फोन करून कळवतो.

आडवाटेवरच्या फाटकांचा नियम एकच. उघडं दिसलं तर उघडं ठेवायचं, लावलेलं असेल तर आपण गेल्यावर पुन्हा लावायचं. गुरं पाण्यापर्यंत पोचणं त्यावर अवलंबून असतं. ही फाटकं म्हणजे काटेरी तार आणि काठ्या. शेवटची काठी छातीशी कवटाळून जोर लावला तरच वरचा फास बसतो. एकदा पुरुषमंडळींची झटापट बघून त्या हॉर्नवाल्या काकूच उतरल्या, पदर खोचला, खांद्यानं रेटा दिला आणि फास बसवून म्हणाल्या, "माहेरी गोठा होता आमचा. चला, पुढचं फाटक कुठाय?"