आधी पदवी, मग सोहळा

खासगी विद्यापीठांच्या दीक्षान्त सोहळ्यात झगे, उपरणी, ड्रोनचं चित्रीकरण असा सगळा थाट असतो. पण पदवीचा कागद प्रमुख पाहुण्यांच्या तारखेसाठी अडू नये. पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्याच्या (१९५६) कलम २२मधून येतो, समारंभातून नव्हे. यूजीसीच्या २००८च्या नियमांनुसार तर विद्यार्थी पात्र ठरणं अपेक्षित असतं, तेव्हापासून १८० दिवसांत पदवी द्यायची असते. तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतंच की, असं यावर सांगितलं जातं. पण परदेशी प्रवेशाला किंवा नोकरीतल्या पडताळणीला अनेकदा अंतिम पदवीच मागतात. आईवडिलांना सोहळा हवा असतो, हे खरं (आणि हवाच!), तो सवडीने करा. डिजिलॉकरवरची पदवी यूजीसीने वैध मानली आहे. ती आधी मागून घ्या.